सहा नंबरची पाच मिनिटं

गेतां पेलकी जेवताना टोपी काढत नाही, ही आल्फोन्सीन गोद्रोची एकेचाळीस वर्षांची तक्रार होती, आणि त्या रविवारीही सूप वाढता वाढता तिने ती नव्याने वाढली.

"पाद्रीबाबा जेवायला आले, तरी टोपी. माझ्या नवऱ्याच्या मयताचं जेवण झालं, तरी टोपी. गुरांत वाढलास हे मला ठाऊक आहे. पण गायसुद्धा गोठ्यात शिरताना मान खाली घालते रे!"

"कान गार पडतात, मादाम," गेतां म्हणाला.

सतराव्या वर्षीही त्याने हेच उत्तर दिलं होतं. क्लबने तेव्हा एका सुटकेससह त्याला तिच्या दारात आणून उभा केला होता. परगावची पोरं क्लबकडून बर्फावरची हॉकी खेळायला आली की गावातल्या घरांनी त्यांना जेवूखाऊ घालायचं, ही सेंत-ओदीलची रीत. आल्फोन्सीनने अशी एकोणीस पोरं सांभाळली. अठरा गेली, नाताळला त्यांची कार्डं येतात, ती तिची मुलगी वाचून दाखवते, कारण आल्फोन्सीनची शाळा चौथीत सुटली. एकोणिसावा गेतां. मोठ्या लीगमध्ये जाऊन अकरा सामने खेळला आणि परत आला. लाकडाच्या गिरणीत राबला, मग रिंकमध्ये बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवू लागला. आणि मागच्या दोन हिवाळ्यांपासून तो पुन्हा तिच्याच माडीवरच्या खोलीत होता, त्याच अरुंद खाटेवर.

तो परत का आला, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. आल्फोन्सीनने कळू दिलं नव्हतं. "माझे गुडघे गेलेत, सरपण कोण वर आणणार?" असं ती सांगायची, आणि सरपण स्वतःच आणायची. एकदा बूट भट्टीत सापडले होते. एकदा रिंकपासून घरापर्यंतच्या चार गल्ल्यांत तो दुपारभर हरवला होता. शहरातल्या डॉक्टरने त्याच्या डोक्याचे फोटो काढले आणि म्हणाला, "इतके मार माणसाने मोजून ठेवायला हवे होते." आल्फोन्सीनने त्याला तिथेच विचारलं, "तुम्ही मोजता का, किती जणांना असं बोलून दुखवलंत ते?"

"पुन्हा सांग बघू," ती आता म्हणाली.

गेतांने चमचा खाली ठेवला. "चकती टाकायची. हात मिळवायचा. परत यायचं."

"कोणाचा हात?"

तो बोटांच्या वाकड्या पेरांकडे बघत राहिला. ती पेरं डावीकडे वळली होती, सगळीच, वाऱ्यात वाढलेल्या झाडांसारखी.

"स्टार्कीचा. समोरच्या संघातून तुझ्याशी भिडायचा तो," ती म्हणाली. "ओन्टारियोहून येतोय बिचारा, सहा तास गाडी हाकत. तुझे तीन दात त्याच्याकडे, त्याचे दोन तुझ्याकडे."

"मादाम, मला नाही जायचं."

"जायचंय," ती म्हणाली, आणि विषय संपला, कारण त्या घरात विषय असेच संपत.

गेतांची जर्सी मानाने टांगायचा हा सोहळा तिनेच घडवून आणला होता. वीस वर्षांपूर्वी त्याच्याच संघातल्या छोट्या लुसिएँची नऊ नंबरची जर्सी रिंकच्या छताला टांगली गेली. अडुसष्ट गोल एका हंगामात! तेव्हापासून ती प्रत्येक बैठकीत जाऊन एकच तुणतुणं वाजवत होती: "ज्याने गोल केले तो छताला, आणि ज्याने त्याला गोल करू दिले तो खाली त्याच्या सावलीत बर्फ घासतोय. लुसिएँ एवढासा, माझ्या खांद्याला लागायचा. नऊ वर्षांत त्याच्या अंगाला कोणी बोट लावलं? का नाही लावलं? गेतां होता म्हणून!" शेवटी या वर्षी तिने सांगून टाकलं की क्लबच्या जत्रेसाठी ती मांसाची एकही पाई भाजणार नाही. समितीचा अध्यक्ष ओव्हिला दुसऱ्याच दिवशी दारात हजर.

"त्याला सगळं नीट आठवतं ना, आल्फोन्सीन? दोन शब्द बोलेल?"

"तुझ्यापेक्षा बरं आठवतं," ती म्हणाली होती. ते खोटं तिच्या जिभेवर जरासुद्धा अडखळलं नव्हतं.

दीड वाजता ओव्हिला ट्रक घेऊन आला. रिंक भरलेली होती. लोकांनी संघाचे जुने स्कार्फ कपाटांतून बाहेर काढले होते, डांबरगोळ्यांचा वास सगळीकडे दरवळत होता. आल्फोन्सीनला कठड्यालगत खुर्ची दिली. मागच्या फळ्यांवर गिरणीतले म्हातारे कॉफी पीत आठवणी काढत बसले होते.

"त्याने त्या वाल-दोरच्या धटिंगणाला असा एक दिला, असा, की पोरगा उठून आमच्याच बाकावर येऊन बसला!"

"आणि म्हणाला, 'आई कुठाय?'"

सगळे खदखदले.

"दर मारामारीला पाच मिनिटं शिक्षेच्या खोक्यात! तिथे एवढा बसायचा की घड्याळवाल्या एफ्रेमने त्याच्यासाठी उशी ठेवली होती."

"एक गोल केला होता त्याने. आठवतं?"

"दोन."

"एक आपल्याच जाळीत!"

आल्फोन्सीन वळली. "आणि मार खाऊन आल्यावर काय करायचा, ते आठवतं का कोणाला?"

म्हातारे सावरून बसले. तिच्यापुढे ते अजून पोरंच होते.

"माझ्या मागच्या पायरीवर बसायचा. बादलीत बर्फ, बर्फात हात. अर्धा तास. मग आत येऊन डाव्या हाताने जेवायचा, आणि जेवण झालं की विचारायचा, लुसिएँला लागलं तर नाही ना. तुम्ही त्या वेळी दारू पीत गाणी म्हणत होता. हसा आता."

एकाने हळूच आपला कॉफीचा पेला तिच्यापुढे केला. तिने घेतला.

दिवे मंदावले. बर्फावर लाल गालिचा अंथरला होता. एका दारातून गेतां आला, कोटावरून सहा नंबरची जुनी जर्सी चढवलेली, डोक्यावर टोपी, हातात लोकरी हातमोजे. दुसऱ्या दारातून स्टार्की, काठी टेकत, पोट पुढे, गालावर लाली. ओव्हिलाने माइकवर वर्षं सांगितली, सामने सांगितले, शिक्षेची मिनिटं सांगितली, दोन हजार तीनशे अकरा, आणि लोक ओरडले. गेतां नीट चालत होता. आल्फोन्सीन ओठांतल्या ओठांत म्हणत होती: चकती. हात. परत.

आणि मग ओव्हिलाने हात वर केला.

हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, म्हाताऱ्याला गंमत वाटेल. रिंकमधली सहाशे माणसं एकदम कठड्यावर, फळ्यांवर, खुर्च्यांच्या पाठींवर तळहात आणि स्टिका आपटू लागली. आधी सावकाश, एकेक. धड. धड. "रे-डा! रे-डा!" पूर्वी समोरच्या संघाने लुसिएँला पाडलं की गाव असंच वाजवायचं आणि गेतांला याच नावाने पुकारायचं. प्रशिक्षकाने गेतांला बाकावरून सोडावं म्हणून. तो बर्फावर उतरेपर्यंत ते थांबत नसे.

आल्फोन्सीनने कॉफी खाली ठेवली. "थांबवा," ती म्हणाली. कोणाला ऐकू जाणार?

गालिच्याच्या मधोमध गेतां थांबला. चकती हातातून पडली. त्याने एक मोजा काढून टाकला, मग दुसरा. मग दोन्ही हातांनी टोपी काढली, आणि ती टाकली नाही, वाकून गालिच्यावर ठेवली. मारामारीआधी हेल्मेट काढून डोकं उघडं करायचं, म्हणजे समोरच्याची मूठ फुटत नाही. त्यांच्या काळातली ही माणुसकी होती. उघड्या टकलावर दिव्यांचा प्रकाश पडला. खेळ सुटल्यापासून गावाने ते डोकं पाहिलं नव्हतं. कपाळापासून मागे गेलेले व्रण, टाक्यांवर टाके, आणि डाव्या बाजूला एक खळगा, अंड्याएवढा.

त्याने मुठी वर केल्या.

लोक हसले. टाळ्या पडल्या. "दे एक त्याला, रेड्या!" कोणीतरी ओरडलं. आल्फोन्सीनने त्याचे डोळे पाहिले आणि तिला कळलं, तो इथे नाही. तो तिच्या दारात सुटकेस घेऊन उभा होता त्या वयाचा झाला होता, आणि त्याला लढायला पाठवलं गेलं होतं, आणि पाठवणारी ती होती.

ती उठली. कठड्याचं दार ढकलून ती बर्फावर उतरली, एक्याऐंशी वर्षांची, चर्चच्या बुटांनी.

ती पोचण्याआधीच स्टार्कीलाही कळलं. त्याने काठी टाकली, स्वतःची टोपी काढली, आणि एक पाऊल पुढे टाकून गेतांची जर्सी खांद्याजवळ घट्ट धरली. गेतांनेही त्याची धरली. दोन म्हातारे एकमेकांना धरून गालिच्यावर सावकाश फिरू लागले, एक फेरी, दुसरी फेरी. गेतांची उजवी मूठ वर होती. आपटणं एका कोपऱ्यातून थांबत गेलं, दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. आता फक्त त्यांच्या श्वासाचा आवाज होता, आणि स्टार्कीची मोडकीतोडकी फ्रेंच.

"गेतां. मित्र. झाली. आपला मारामारी झाली. चांगला झाली."

मूठ उघडली. गेतांने उघड्या तळहाताने स्टार्कीच्या पाठीवर दोनदा थोपटलं, संपल्यावर थोपटायचं असतं तसं. "छान लढलास," तो म्हणाला. "कोणाला लागलं नाही ना?"

"कोणाला नाही."

मग गेतां वळला. लोकांना वाटलं तो घरी निघाला. पण तो बर्फ ओलांडून सरळ शिक्षेच्या खोक्याकडे गेला, दार उघडलं, आत बसला आणि हात मांडीवर ठेवले. ओव्हिला घाबरून धावत गेला. "गेतां, अरे, संपलं सगळं, बाहेर ये! जर्सी टांगायचीय!"

"पाच मिनिटं झालेली नाहीत," गेतां म्हणाला.

आल्फोन्सीन तेवढ्यात पोचली. वाटेत तिने गालिच्यावरची टोपी उचलली होती. "बाजूला हो, मूर्खा," ती ओव्हिलाला म्हणाली.

"मी... मला वाटलं..."

"माझीपण चूक आहे. नंतर बोलू. आता गप्प उभा राहा." आणि ती आत जाऊन गेतांशेजारी बसली. शिक्षेच्या खोक्यात आजवर कोणी बाई बसली नव्हती.

पलीकडे, पाहुण्यांच्या खोक्यात, स्टार्की जाऊन बसला. दार त्याने स्वतःच लावून घेतलं.

वर घड्याळाच्या खोलीत एफ्रेम होता. तीस वर्षांपूर्वी उशी ठेवणारा तोच. कोणी सांगितलं नव्हतं. त्याने फळ्यावर आकडे लावले, दोन्ही बाजूंना: पाच, शून्य, शून्य. आणि घड्याळ चालू केलं.

चार एकोणसाठ. चार अठ्ठावन.

सहाशे माणसं उभी होती. कोणी बसलं नाही, कोणी बोललं नाही. एक मूल रडलं तर बापाने त्याला कोटात घेतलं. मागच्या फळीवरच्या म्हाताऱ्यांनी आपल्या टोप्या काढल्या, एकाने काढली म्हणून दुसऱ्याने, आणि मग ते रांगेरांगेने पसरत गेलं, सगळ्या रिंकभर, टकली, पांढरी, विस्कटलेली डोकी.

तीन मिनिटं. आल्फोन्सीन समोरच्या बर्फाकडे बघत राहिली. या पोराला इथे आणण्यासाठी तिने वीस वर्षं गावाशी भांडण केलं होतं. गावाने काय पाहावं असं तिला वाटत होतं, ते तिला आता नीट सांगता आलं नसतं.

एक मिनिट उरलं तेव्हा गेतांने डोक्याला हात लावला. जणू आत्ताच कळलं की ते उघडं आहे. त्याने चोरून तिच्याकडे पाहिलं, सूप सांडलेल्या पोराने पाहावं तसं.

"मादाम, मी चुकलो का?"

"नाही."

"घरी जेवण आहे?"

"आहे. सूप उरलंय."

त्याने तिच्या मांडीवरची टोपी पाहिली. हात पुढे केला, मग मागे घेतला. "जेवताना काढीन," तो म्हणाला. "आजपासून नक्की."

फळ्यावर नऊ सेकंद होते. आल्फोन्सीनने दोन्ही हातांनी ती टोपी त्याच्या डोक्यावर बसवली, खळग्यावरून खाली ओढली, कानांवर नीट केली. मग तिच्या त्या आवाजात, ज्याने एकोणीस पोरांना पहाटे उठवलं होतं आणि जो त्या शांततेत शेवटच्या फळीपर्यंत पोचला, ती म्हणाली,

"गेतां पेलकी, माझ्या टेबलावर तू यापुढे टोपी काढायची नाहीस. काढलीस तर सूप मिळणार नाही."