चिमीचा फडू

मित्रांनो, मी एक जुना फडका आहे. पण उगाच नाकं मुरडू नका. एके काळी माझाही थाट होता. सासूबाईंनी जुन्या चादरीतला मऊ तुकडा फाडला, कडांना टीप मारली आणि रस्ता झाडताना नाकाला बांध म्हणून मला सुनेच्या हाती दिलं.

सून, म्हणजे माझी मालकीण, रस्ते झाडायची. तिच्या वाट्याला गॅरेजांची गल्ली आली होती. तिथे दिवसभर जुन्या बॅटऱ्या फोडत, गाड्यांचा रंग खरवडत. खराटा फिरला की करडी धूळ उठायची आणि ती मी अंगावर घ्यायचो. हा आहे म्हणून माझी छाती शाबूत आहे, असं मालकीण सोबतिणींना सांगायची. मी नुसता फुलून जायचो.

चूक पुढेच झाली. घरी आली की ती मला उंबऱ्यावर दोनदा झटकायची, आणि झटकला म्हणजे स्वच्छ झाला असं धरून चालायची. मग माझ्याच टोकानं आपल्या दोन वर्षांच्या लेकीचं, चिमीचं तोंड पुसायची. चिमीला माझा भारी लळा. मला 'फडू' म्हणायची, माझं टोक चोखत झोपायची. मलाही ते गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग चिमीचं पोट दुखू लागलं. खेळता खेळता ती बसून राहायची. येत होते ते चार शब्दही बोलेनाशी झाली, फडूसुद्धा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं. शिसं लहान पोरांच्या मेंदूवर घाला घालतं, ते कुठून येतंय ते ताबडतोब शोधा, असं त्यांनी बजावलं. सासूबाईंनी रंगीत खेळणी फेकली, भांडी बदलली, नळाचं पाणी तपासायला दिलं. सगळं घर पालथं घातलं. आणि मी? मी चिमीच्या तोंडात. माझ्या धाग्याधाग्यात ती गल्ली, तिथल्या बॅटऱ्यांची आणि रंगाची शिशाची धूळ बसली होती, हे मला कळून चुकलं होतं. पण फडक्याला वाचा कुठली! पुढच्या तपासणीत आकडा आणखी चढला. मालकिणीचं धाबं दणाणलं.

त्याच दिवशी दवाखान्यात चिमीची लाळ गळली. मालकिणीनं सवयीनं मला खांद्यावरून ओढलं. माझ्यावरची करडी धूळ बघून डॉक्टरीणबाईंनी तिचा हात वरच्यावर धरला.

"कामावर बांधता तो हाच का?"

मालकिणीनं मला उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे मीच भरवलं हो तिला," ती म्हणाली आणि तिनं मला चिमीपासून लांब धरलं.

बाई रागावल्या नाहीत. पाणी शिंपडून झाडा, कामाचे कपडे कामावरच बदला, हातपाय धुतल्याशिवाय पोरीला उचलू नका, असं त्यांनी दोनदा समजावलं.

मालकिणीला मला टाकवेना, म्हणून तिनं मला पिशवीत घालून, वर गाठ मारून झाडणाऱ्यांच्या चौकीत फळीवर ठेवलं. मालकिणीनं मुकादमाशी भांडून सगळ्या बायकांसाठी मास्क मिळवले. दोन महिने चौकीत तिच्या बोलण्यातून मला एवढंच कळायचं: आकडा उतरत होता, पण चिमी गप्पच होती.

आज सकाळी मालकीण आली ती डोळे पुसतच. सोबतिणीला म्हणाली, "काल पोरगी बोलली गं. फडू मागत होती."

मित्रांनो, त्या पोरीकडे जायची मला किती ओढ आहे, काय सांगू! पण रस्त्याची धूळ रस्त्यावरच राहिली पाहिजे. हात धुवा, मगच बाळाला घ्या. आणि माझ्या पिशवीची गाठ कुणी सोडू नका, चिमीनं कितीही मागितलं तरी.