माझ्यात आठ नाही

कोरडा हौद. लाल रंगाचं डबडं. ओळीत उभे नऊ एक. लातूरची नवी पाटी. एक वीट.

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. १२३४५६७९. डोळे चोळू नका. माझ्यात आठ नाही आणि मला तो नकोच आहे.

बहात्तरच्या दुष्काळात उदगीरकडच्या एका खेड्यात शेषेराव मास्तरांनी मला शाळेच्या भिंतीवर डांबरानं लिहिलं. मुलं मातीत बोटानं मला गुणायची. नवानं गुणलं की सगळे एक. अठरानं सगळे दोन. सत्तावीसनं सगळे तीन! पोरं नाचायची. पुढे मास्तरांची बदली झाली. मग मला कुणी गुणेना. माझ्यात खिळे ठोकून दप्तरं टांगली.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी नवे साहेब शाळा बघायला येणार होते. शाळा चौथीपर्यंतच. पाचवी मंजूर झाली नाही, तर मुली घरी बसणार. हेडमास्तर मडिवाळप्पांची झोप उडाली.

"वीरभद्रा, सातानंतर नऊ? आठ काय चरायला गेला? साहेब म्हणंल, ह्यांना गिनती बी येईना!"

"तांबडा घालतो सर, लई उठून दिसंल," पेंटर वीरभद्र म्हणाला आणि त्यानं मधे जाडजूड आठ कोंबला.

मी सरळ झाले, शहाणी झाले, बिनकामाची झाले.

चौथीच्या गौरम्मा बाई आल्या. भिंत धुवायची, तर प्यायलाच पाणी नव्हतं. त्यांनी वीट उचलली आणि आठ खरवडायला लागल्या.

"बाई, भिंत पडंल! साहेब यायलेत!"

"येऊ द्या. सर, आधी नवानं गुणा, मग वरडा."

मडिवाळप्पा तणतणत खाली बसले आणि मातीत आठासकट गुणू लागले. एक, एक, एक... आणि शेवटाजवळ शून्य.

"हे कुठून टपकलं?"

"तुमच्या आठातून."

मग त्यांनी आठावाचून गुणलं. नऊ एक. त्यांनी हाताची माती झटकली. मग म्हणाले, "आणा ती वीट. वीरभद्रानं रंग लई घट्ट मारलाय."

साहेब आले आणि त्यांनी त्या खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं. "इथं काय राहिलं?"

"काई न्हाई राहिलं साहेब," मडिवाळप्पा ताठ उभे राहून म्हणाले. "तेवढाच आकडा हाय."

मित्रांनो, भिंत पाडली तरी मी जात नाही. एकाला एक्क्याऐंशीनं भागून पाहा. दशांश चिन्हापुढे शून्य, मग मी, पुन्हा शून्य, पुन्हा मी, न संपता. आठ तिथंही फिरकत नाही. कुणात काही कमी दिसलं, तर ते भरायची घाई करू नका. आधी त्याला गुणून पाहा.

पाचवीचा वर्ग साहेब येण्याच्या आदल्या आठवड्यातच मंजूर झाला होता; कागद तेवढा शाळेत पोचला नव्हता.