माझ्या वाट्याची सावली

माझं अंग पिवळं पडलं आहे आणि पंखा घरघरतो. मित्रांनो, मी प्रूफं तपासणाऱ्या एका मावशींच्या टेबलावरचा जुना संगणक आहे. कितीतरी पुस्तकांच्या चुका माझ्यासमोर सुधारल्या गेल्या. "हा माझा उजवा हात आहे," असं मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मग त्यांची भाची लॅपटॉप घेऊन राहायला आली. तो माझ्याच टेबलावर विराजमान झाला. त्याच्या पडद्यावर उघडणाऱ्या खिडक्या, म्हणजे विंडो, काचेसारख्या पारदर्शक, हलवल्या की पाण्यासारख्या डुलणाऱ्या. "अगबाई, किती देखणं!" मावशी म्हणाल्या. माझा नुसता जळफळाट झाला.

त्याच आठवड्यात मावशींच्या हातून मोठी चूक झाली. माझ्या पडद्यावर एका खिडकीत लेखकाचं मूळ लिखाण होतं, दुसरीत छपाईची प्रत. दोन्ही पांढऱ्याशुभ्र, एकीची कड दुसरीत मिसळलेली. मावशींनी अकरा पानांच्या दुरुस्त्या मूळ लिखाणातच केल्या. सगळं निस्तरताना त्या रडवेल्या झाल्या.

"डोळे साथ देत नाहीत गं. हे पुस्तक झालं की काम सोडते."

"डोळ्यांना कशाला नावं ठेवतेस, मावशी? हा खटारा भंगारात दे."

"मग मलाही दे त्याच्याबरोबर!"

भाची हसली आणि माझ्यासमोर बसली. खिडक्या एकमेकींवर रचून सजवणारा, कंपोझिटर नावाचा प्रोग्राम तिनं माझ्यात घातला. सावली, पारदर्शकता, डुलणं, सगळंच चालू केलं. मी लॅपटॉपकडे ऐटीत पाहिलं. पण दोन मिनिटांत माझा पंखा किंचाळू लागला आणि माउसचा बाण जागीच अडकला.

"अगं, मागची अक्षरं पुढच्यांत घुसली! आता काय वाचू, कपाळ?" मावशी ओरडल्या.

भाचीनं एकेक दागिना उतरवला. डुलणं गेलं, पारदर्शकता गेली. दरवेळी मी लॅपटॉपकडे बघून आतल्या आत जळत होतो. शेवटी उरली फक्त सावली, पुढच्या खिडकीच्या कडेला, बोटभर रुंद आणि गडद. मग तिनं मला उघडून पंख्यावरची धूळ पुसली.

मावशींनी चष्मा सारखा केला. "ही वर, ती खाली. दिसतंय की गं!"

त्या दिवशी एकही दुरुस्ती चुकीच्या खिडकीत गेली नाही. काम सोडण्याची भाषाही पुन्हा निघाली नाही.

मित्रांनो, आम्हाला टाकण्याआधी एकदा आमची धूळ झटका, आणि पेलेल तेवढंच आमच्या अंगावर घाला. लॅपटॉपचा हेवा मला आजही वाटतो, खोटं कशाला बोलू? पण रोज सकाळी चष्मा पुसून मावशी माझ्यासमोरच बसतात. तेव्हा टेबलाच्या पलीकडून तो लॅपटॉप माझ्याकडे टक लावून बघत असतो.