सर्दीचं रजिस्टर

कारखान्यात दोन हजार लिटरची टाकी होती. तिच्यात हॅमस्टर नावाच्या उंदराएवढ्या प्राण्याच्या पेशी वाढायच्या आणि रक्त गोठवणारं औषध तयार करायच्या. त्यांचे लाड जावयाला लाजवतील असे. ऊब सदतीस अंश, वेळेवर साखर, वेळेवर हवा. बाहेरचा एक जंतू आत गेला, की तीन आठवड्यांची मेहनत गटारात.

म्हणून दारावर मावशी बसायची. आत जाणाऱ्याला निर्जंतुक झगा द्यायचा आणि रजिस्टरात 'सर्दी आहे का?' या प्रश्नापुढे उत्तर लिहून घ्यायचं, हे तिचं काम. पहिली ओळ तिची स्वतःची. 'आहे' लिहिणारा बिनपगारी घरी. त्यामुळे तीन वर्षांत एकशेचाळीस माणसांपैकी एकालाही सर्दी झाली नव्हती. नाकं वाहत होती, रजिस्टर कोरडं होतं.

मावशी रोजंदारीवर. तिला कायम करण्याचा कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. अशात साहेब तपासनीस बाईंना घेऊन आले आणि रजिस्टरपाशीच सणसणीत शिंकले, थेट मावशीच्या तोंडावर. मग रुमाल खिशात घालून त्यांनी सवयीने 'नाही' लिहायला पेन उचललं.

मावशीने हिशेब केला. अडवलं तर कागद गेला. नाही अडवलं, तर बाई विचारणार आणि मान आपलीच अडकणार.

"साहेब, 'आहे' लिहा," ती म्हणाली. "पेशी काही तुमच्या हाताखालच्या नाहीत, चालवून घ्यायला."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी लिहिलं, सही केली आणि काचेबाहेर उभं राहून आपलाच कारखाना पाहिला.

बाईंनी रजिस्टर चाळलं. पानोपानी 'नाही', तसतशी कपाळावरची आठी वाढत गेली. शेवटच्या ओळीवर मात्र ती उतरली. जिथे प्रमुखालाही दारातून परत पाठवतात तिथे नियम पाळले जातात, असा शेरा मारून त्या गेल्या.

दोन दिवसांनी सूचनाफलकावर साहेबांचा फोटो लागला, खाली 'शिस्तीचा आदर्श'. मावशीचा त्यात उल्लेख नव्हता, पण कागदावर सही झाली होती. दुसऱ्याच दिवशी रुजू व्हायचं, गैरहजर राहिल्यास नेमणूक रद्द.

मावशी वेळेवर आली, साहेबांची सर्दी घेऊन. तिने रजिस्टर उघडलं. आपण कुठे आत जातो, अशी स्वतःची समजूत घातली आणि पहिल्या ओळीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नाही'.

मग शिंक दाबत तिने आत जाणाऱ्यांच्या हातात एकेक झगा द्यायला घेतला.