निरीक्षकाची चूक

शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. सकाळी सव्वादहाला तिने वडिलांना फोन लावला, तेव्हा ते तळ्याच्या धक्क्यावर उभे होते आणि नाकाला रुमाल लावून बोलत होते.

"किती गाठी, बाबा?"

"दोन."

"नीट बघितलंत ना?"

"छे, डोळे मिटून बघितलं! अगं, दोन म्हणजे दोन. थाळी घातली की गडप. पाणी कुठलं, नुसती हिरवी खळ आहे. तुझ्या त्या वरच्या मंडळींना सांग, एकदा खाली उतरा आणि वास घ्या म्हणावं."

वरची मंडळी म्हणजे अंतराळ स्थानक. चारशे किलोमीटर उंचीवरून ते दर दीड तासाला पृथ्वीभोवती एक फेरी मारी. त्याच्या पोटाशी बसवलेला कॅमेरा तळ्यांचे फोटो घेई, आणि तिच्या केंद्रात त्या फोटोंतल्या रंगांवरून पाणी किती नितळ आहे याचा आकडा निघे. आकडा खरा की खोटा हे ठरवायला त्याच वेळी खाली कुणीतरी पाण्यात काहीतरी बुडवून बघावं लागतं. या तळ्यावर ते काम तिचे वडील करत. एकतीस वर्षं त्यांनी तिथे लाँच चालवली होती, आणि निवृत्तीनंतरही सगळे त्यांना कॅप्टनच म्हणत. स्वयंपाकघरातल्या एका स्टीलच्या थाळीला त्यांनी पांढरा रंग फासला, मधोमध भोक पाडून दोर ओवला आणि दोराला दर दहा सेंटिमीटरवर एक गाठ मारली. थाळी दिसेनाशी होईपर्यंत किती गाठी बुडाल्या, एवढंच सांगायचं. पण तोरा असा, की भेटेल त्याला ऐकवायचे, "सध्या मी आमच्या लेकीच्या ऑफिसात आहे."

"बाबा, दोन बसत नाहीत. कॅमेरा वीस म्हणतोय."

"मग कॅमेऱ्याला चष्मा लावा."

"धक्क्याची सावली पडत असेल पाण्यावर. दीड तासाने स्टेशन परत एकदा कडेने जाईल, तेव्हा पुन्हा घ्या. खालच्या पायरीवर उतरून घ्या, उन्हात."

"हुकूम, बाईसाहेब. जेवण गार होणार, आणि तुझी आत्या मला फाडून खाणार. त्याची भरपाई कोण देणार?"

ती हसली नाही. तिला घाई होती. फोन ठेवून तिने नोंदीचा तक्ता उघडला आणि दोन या आकड्यावर काट मारली. काट मारली की कारण द्यावं लागे, आणि कारणांची यादी तयारच असे: ढग, उपकरणात बिघाड, निरीक्षकाची चूक. तिने तिसरं निवडलं. दोन महिन्यांत आठव्यांदा. वडिलांना तिने हे सांगितलं नव्हतं. उगाच वाईट वाटेल, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

बारा वाजता आत्याचा फोन आला.

शेवटच्या पायरीवर बोटभर जाड बुळबुळीत थर होता. त्यावरून पाय सरकला, डोकं काठावर आपटलं आणि ते पाण्यात गेले. जन्मभर पाण्यावर काढलेला माणूस कमरेएवढ्या पाण्यात गेला. बाहेर काढलं तेव्हा दोर मनगटाला गुंडाळलेलाच होता.

चौथ्या दिवशी ती एकटीच धक्क्यावर गेली. कोपऱ्यापासून वास सुरू झाला, कुजलेल्या भाजीचा आणि बंद मोरीचा. वाऱ्याने सगळी घाण या बाजूला लोटली होती. पाण्यावर हिरवी साय धरली होती आणि तिला सुरकुत्या पडल्या होत्या. सायीत एक मेलेला मासा उताणा अडकला होता. त्याच्या डोळ्यांच्या जागी माश्या बसत होत्या. तिने थाळी खाली सोडली. दुसरी गाठ भिजली आणि थाळी नाहीशी झाली. दोर वर ओढताना बोटांना तो चिकट लगदा लागला आणि तिला तिथेच ओकारी आली.

घरी आत्या मोरीशी बसून होती. वडिलांची पँट बादलीत होती.

"तीनदा धुतली," आत्या म्हणाली. "साबण संपला, वास संपेना. टाकून दे म्हणतात सगळे. कशी टाकू?" मग मान वर न करता तिने विचारलं, "तुमच्या वरच्यांना एवढं सगळं दिसतं म्हणतेस, मग हे नव्हतं का गं दिसत?"

"बघते," ती म्हणाली.

सोमवारी ऑफिसात तिने मंगळवारचा फोटो काढला. हिशेबानंतरचा नितळ नकाशा तिला नको होता. तिने कॅमेऱ्यातून जसा आला तसा मूळ फोटो उघडला. धक्क्याचा सगळा कोपरा झगझगीत हिरवा होता. कॅमेऱ्याला सगळं दिसलं होतं. पण ती साय इतकी दाट होती की प्रोग्रॅमला ते गवत वाटलं. गवत म्हणजे जमीन, आणि जमीन पाण्याच्या हिशेबात धरायची नाही. म्हणून तो कोपरा कापून टाकला गेला आणि तळ्याच्या मध्यावरच्या बऱ्या पाण्याची सरासरी निघाली. कोपरा जितका सडेल तितका अहवाल स्वच्छ. हा नियम तिला तोंडपाठ होता. नव्या लोकांना तो तीच शिकवायची.

ती केंद्रप्रमुख सरांकडे गेली. सर क्रीमचं बिस्किट उघडून दातांनी क्रीम खरवडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला तुझी मनःस्थिती कळते," ते म्हणाले. ओठाच्या कोपऱ्यात पांढरं लागलं होतं. "आणि तुझा मुद्दाही अगदीच चूक नाही. पण शुक्रवारी अहवाल बाहेर पडतोय. एकवीस तळी आहेत त्यात. पुढच्या वेळी तळटीप टाकू."

"लोक ते पाणी पितात, सर. अहवालात ते पिण्यायोग्य म्हणून जाईल."

"हळू बोल. असं बघ, तुझ्या वडिलांचे आकडे कुणी खोडले हे विचारलं गेलं, तर तुझंच नाव निघेल. कशाला आगीत हात घालतेस? आणि एक सांगू? अहवाल आपण कॅप्टननाच अर्पण करतोय. तुला आवडेल."

ते अर्धं चाटलेलं बिस्किट त्यांनी बशीत ठेवलं आणि बशी तिच्यापुढे सरकवली. "घे ना. काही खाल्लं नसशील."

शुक्रवारी सभागृहात स्थानकाशी थेट जोडणी होती. पडद्याच्या एका बाजूला अंतराळवीर तरंगत होता, हसतमुख, पाय कुठेतरी अडकवून. दुसऱ्या बाजूला वडिलांचा फोटो आला. तिनेच मागच्या महिन्यात काढलेला. धक्क्यावर उभे, हातात थाळी, चेहऱ्यावर तोच तोरा. खाली अक्षरं होती: 'जमिनीवरचा आमचा डोळा.'

ती बघत राहिली. काहीतरी चुकत होतं. मग लक्षात आलं. वडिलांच्या मागचं पाणी निळं होतं.

"पाणी जरा साफ केलं मी," शेजारची सहकारी कानात म्हणाली. "हिरवं फार घाण दिसत होतं गं. एवढ्या चांगल्या माणसामागे बरं नाही वाटत."

तिला ती सगळी खोली चिकट वाटली. खुर्च्या, फुलं, सरांचा पडलेला आवाज, दोन मिनिटांची ती स्वच्छ शांतता. बोटांना पुन्हा तो लगदा लागल्यासारखं झालं. तिने हात साडीला पुसले. सगळ्यात किळस तिला या हातांची आली, कारण काट यांनीच मारली होती.

"कॅप्टनच्या कन्या दोन शब्द बोलतील," सर म्हणाले.

ती उठली. माइक हातात घेताना तिने पडद्याकडे पाहिलं, फोटोकडे नाही, अंतराळवीराकडे.

"फोटोतलं पाणी निळं नव्हतं," ती म्हणाली. "हिरवं होतं. तुमच्या कॅमेऱ्याला ते दिसलं होतं, आम्ही इथे ते कापून टाकलं. या अहवालात हे तळं पिण्यायोग्य लिहिलंय. ते पाणी पिऊ नये."

"हे बघ," सर अर्धवट उठले, "हा विषय आत्ता—"

"कॅप्टननी आठ वेळा सांगितलं. दोन गाठी, तीन गाठी, दोन. आठही आकडे मी खोडले. कारण लिहिलं, निरीक्षकाची चूक." आवाज वरपर्यंत पोचायला वेळ लागतो. अंतराळवीर अजून हसतच होता. "नवव्यांदा त्यांना मी खालच्या पायरीवर पाठवलं. मीच. सावली पडते म्हणून."

अंतराळवीराचं हसू मावळलं. आता ती फोटोकडे वळली.

"बाबा, तुमचं बरोबर होतं. आठही वेळा."