लय कोणाची पडली

उत्तमने ढोलकीच्या कड्या पुन्हा एकदा ठोकल्या, कान लावला आणि परत ठोकल्या. सुरात काही कमी नव्हतं. पण हाताला चाळा हवा होता, कारण तोंडाला जे काम नेमून दिलं होतं ते त्याच्याच्यानं होत नव्हतं.

काम एवढंच, की फादर कुरियनना सांगायचं, आज सौंसरच्या खेळात तुम्ही पेटी वाजवू नका.

सांगायचं म्हणे! केरळातून पांढुर्ण्याला आलेल्या या माणसानं आधी इथली बोली उचलली, मग खडी गंमत, म्हणजे इथलं ढोलकीवरचं लोकनाट्य. मरायला टेकलेला तो खेळ त्यानं गावोगाव उभा केला. नाताळात येशूजन्माची गोष्ट ढोलकीवर बसवली, आणि हेरोद राजा कोणाला केलं, तर संत्र्यांच्या बागवाल्या पुंडलिकरावांना, कपाळावरच्या टिळ्यासकट! बुद्धजयंतीला पदं लिहून दिली. कापसाच्या जिनिंगमध्ये राबणाऱ्या उत्तमला ढोलकी शिकवली आणि पुढं त्याच्या मुलीला, प्रज्ञालाही, नाकं मुरडणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून. त्या माणसाला सांगायचं, की उठा आता.

पण लय पडत होती हे खरं. पद जोमात उठायचं आणि दुसऱ्या कडव्याला चढावरच्या बैलगाडीसारखं रेंगाळायचं. मोहगावात एकजण चक्क ओरडला, "झोप येऊन राहिली बापा!" आणि निम्मी माणसं उठून गेली. सौंसरलाही तेच झालं, तर मंडळाला पुन्हा कोणी बोलावणार नव्हतं.

"फादर थकले," पुंडलिकराव सकाळी म्हणाले होते. "आपल्या मंडळातला भूपेंद्र वाजवन आज पेटी. सांग तू. तू त्यायचा लाडका."

लाडका म्हणूनच तर जीव खालीवर होत होता. उत्तमनं किती खेळांत हात आखडून म्हाताऱ्याला सांभाळून घेतलं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

चर्चच्या हॉलमध्ये फादर आले. कोपऱ्यात प्रज्ञा हेरोदाच्या अंगरख्याची घडी घालत बसली होती.

"काऊन रे, ढोलकी फोडतो काय? टेम्पो येऊन राहिला."

"फादर..."

"बोल ना."

"कड्या ढिल्या झाल्या जराशा."

फादरनी चष्मा पुसला. डोळ्यांवर चढवला, काढला, पुन्हा पुसला. मग पेटीसमोर बसले, पण भाता उघडला नाही.

"उत्तम, आज प्रज्ञाले बसव ढोलकीवर."

उत्तमला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला.

"काऊन? माझं काय चुकलं? लय तर तुमी पाडून राहिले फादर! समदे म्हणून राहिले. मी सांभाळून घेतो म्हणून, नाई तं कवाच..."

बोलून गेला आणि जीभ चावली. फादर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"मी तुले सांभाळून राहिलो होतो," ते म्हणाले. "तुझा हात मांगं राहे, तं मी पेटी मांगं घेत होतो. म्हटलं, लोकायले वाटू दे, म्हातारा थकला."

"खोटं हाये हे!"

फादरनी पेटीवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"वाजव मंग. एकटाच."

उत्तमनं ढोलकी ओढली आणि चवताळून थाप दिली. उठाव खणखणीत आला. दाखवतोच, असं मनात म्हणत त्यानं लय चढवली. आणि मग उजव्या हाताची दोन बोटं मागे राहिली. त्यानं ती रेटली, बोल सांडला. त्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच. आता वाट पाहायला समोर पेटी नव्हती, सांभाळून घ्यायला कोणी म्हातारा नव्हता. हॉलमध्ये वाजवत होता तो एकटाच, आणि लय पडत होती.

त्यानं प्रज्ञाकडे पाहिलं. ती मघाच्याच अंगरख्याची पुन्हा घडी घालत होती. मान वर करत नव्हती. म्हणजे तिलाही माहीत होतं. उत्तमला रडूच आलं एकदम.

"कवापासून?"

"उन्हाळ्यात तुले तो ताप आला होता ना, तवापासून."

"अन् तुमी सांगतलं नाई."

"हिंमत झाली नाई बापा," फादर म्हणाले. "आजही नसती झाली. पण लोकं उठून गेले, तं खेळच बुडते."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. उत्तमनं डोळे पुसले, ढोलकी उचलली आणि प्रज्ञाच्या गळ्यात अडकवली. पट्टा तिला लांब होत होता. तो आखूड करताना त्याच्या बोटांत गाठ ठरेना. प्रज्ञानं हात पुढे केला नाही. गाठ बसेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"बाबा, तुमी?"

"झील धरीन मांगं, पदाच्या ओळी उचलीन. गळा तं शाबूत हाये ना."

टेम्पोपाशी सगळं मंडळ जमलं होतं. पुंडलिकरावांनी भुवया उडवून विचारलं, सांगितलं का? हो म्हटलं असतं, तर भागलं असतं. फादरनी तर एवढे दिवस दोष स्वतःवर घेतलाच होता.

"पेटी फादरच वाजवतीन," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

"अबे, पण लयीचं काय?"

"लय माझी पडत होती भाऊ."

आणि कोणी काही बोलायच्या आत तो टेम्पोत चढून मागच्या फळीवर जाऊन बसला.