वेद्रोलिनांची कबर

आडनावांची माहिती देणारी एक वेबसाइट आहे. तिच्यावर लिहिलंय की क्रोएशियात वेद्रोलिन आडनावाची तेवीस माणसं आहेत, नऊ घरांत. चार घरं झाग्रेबला, तीन समुद्रकाठच्या शहरांत, एक पार स्लाव्होनियात आणि एक लोझाने गावात. लोझान्यातलं ते एक घर म्हणजे मी एकटी. चिलीत मात्र आम्ही एकशे चाळीस आहोत, जर्मनीत तीसेक, आणि ऑस्ट्रेलियात एक कुटुंब आहे ज्याला आपण कुठले हेही धड सांगता येत नाही.

अंब्रोजमामाने सहा मीटर लांब कापडावर वंशवृक्ष छापून आणला, त्यात क्रोएशियातले वेद्रोलिन बावीसच होते. मी दोनदा मोजले. मी नव्हते. मेलेल्यांच्या फांद्यांवर शोधलं, तर तिथे आईही नव्हती. एकतीस वर्षं मी या अकरा वाड्यांत टपाल वाटतेय, नाव वाचण्यात माझी चूक होत नाही.

अंब्रोज म्हणजे माझ्या आईचा चुलतभाऊ, झाग्रेबचा दातांचा डॉक्टर, आता निवृत्त. निवृत्त झाल्यावर लोक मासे पकडतात, भाजी लावतात. याने वेद्रोलिन संघ काढला आणि स्वतःला अध्यक्ष करून घेतलं.

आई, पेर्का, जानेवारीत गेली. आमची घराण्याची कबर चर्चच्या मागे आहे: जमिनीखाली दगडी खोली, दोन्ही बाजूंना फळ्या, वर एक लादी. कागदावर ती अंब्रोजच्या नावाने आहे, कारण त्याचा बाप थोरला. लादी उघडायला त्याची सही लागते. मी फोन केला.

"याके, जरा दम धर," तो म्हणाला. "ऑगस्टात सगळे जमणार आहेत. सगळ्यांच्या विचाराने ठरवू."

मेलेलं माणूस ऑगस्टपर्यंत कुठे ठेवायचं असतं, हे त्याने सांगितलं नाही. शेवटी शेजारचा मारिन्को चाव्का म्हणाला, "आमच्यात ठेव. बापासाठी फळी रिकामी ठेवलीय, पण म्हाताऱ्याला अजून घाई नाही." मारिन्को गवंडी आहे आणि गावातल्या सगळ्या कबरी तोच उघडतो. अशी माझी आई सात महिने चाव्कांच्या फळीवर, पाहुणी म्हणून पडून राहिली. रोज टपाल वाटून परतताना मी तिथे थांबायचे आणि तिची माफी मागायचे.

जुलैत मामा आला. माझ्या अंगणात बसून, मीच धुरावर वाळवलेलं डुकराचं मांस चावत त्याने बेत सांगितला. कबर कायमची बंद करायची. तिचं स्मारक करायचं. पांढरा संगमरवर आणायचा, त्यावर आडनाव, चौदाशे त्रेसष्ट साल आणि घराण्याचं चिन्ह.

"कसलं चिन्ह?"

"सिंह. पंजात द्राक्षांचा घोस. तुर्कांनी बोस्निया घेतला तेव्हा आपला मूळपुरुष तिथून निसटला, सरदार होता."

"आपल्याकडे सिंह कधी होता, मामा? डुक्कर काढा. निदान ओळखीचं वाटेल."

तो हसला नाही. मी विचारलं, "बंद करायच्या आधी आईला आत ठेवताय ना?"

त्याने हातरुमालाने तोंड पुसलं. "पेर्का मनाने चांगली होती गं. पण लोक चिलीहून येणार, छापील पुस्तक निघणार. तिथे काय लिहू? तुझा बाप म्हणून कोणाचं नाव टाकू? वृक्षाला फांदी जोडायची तर कुठून तरी यायला हवी ना."

"माझ्या आईतून आले मी."

"आडनाव बापाकडून येतं, याके. नियम मी नाही केला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईने माझ्या बापाचं नाव कधी कोणाला सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. मला स्वतःचं आडनाव दिलं आणि लोझान्यातच राहिली. सगळे पुरुष बंदरांत, खाणींत, जर्मनीतल्या कारखान्यांत गेले आणि मेल्यावर पेट्यांतून परत आले. त्यांना उतरवून घ्यायला घरात कोण होतं? आई. ती शिडी लावून स्वतः कबरीत उतरायची, जुनी हाडं पांढऱ्या पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवायची, फळी पुसायची आणि मग वर हाक मारायची, "आणा." याच अंब्रोजच्या बापासाठी ती अशी उतरली होती. तेव्हा हा वर उभा राहून नाकाला रुमाल लावत होता. पेर्का कोणाची कोण, हे त्याला त्या दिवशी आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फादर ब्लाझांकडे गेले. तरुण आहेत, भित्रे आहेत, पण जुन्या नोंदींचा त्यांना नाद आहे.

"फादर, आमच्या घराण्याचा पहिला माणूस काढा. सिंहवाला."

त्यांनी वह्या मागे मागे चाळल्या. अठराशे तेवीसच्या पलीकडे लोझान्यात वेद्रोलिन हे नाव नव्हतंच. त्या पानाला एक चिठ्ठी डकवलेली होती, खालच्या शहरातल्या अनाथगृहाची. फादर वाचत गेले आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. मुलगा, पाचेक दिवसांचा. नकोशी पोरं बाहेरून गुपचूप ठेवून जायला अनाथगृहाच्या भिंतीत फिरतं पिंप असायचं, त्यात ठेवलेला सापडला. अंगावर गोणपाट. आई अज्ञात, बाप अज्ञात. नाव शिमे, आडनाव वेद्रोलिन, दोन्ही कारकुनाने दिलेली. दूध पाजण्यासाठी लोझान्याच्या लुत्सेकडे सुपूर्द.

"असं आडनाव का दिलं?"

"काही नाही हो. कारकून मनाला येईल ते जुळवायचे. कोणाशी नातं लागू नये, एवढाच हेतू."

म्हणजे आमचं आडनाव दुर्मीळ का, तर ते कोणाचंच नव्हतं म्हणून. गावात आम्हाला आजही वेद्रोलिन कोणी म्हणत नाही. मी लुत्सेची याकित्सा, आई लुत्सेची पेर्का. लहानपणी मला वाटायचं लुत्से म्हणजे कोणी पणजी असेल. ती दाई होती. फादरांनी पुढे वाचलं की सात वर्षांनी पोर अनाथगृहाला परत करायचं होतं आणि तिने केलं नाही. आणि मग अठराशे एकसष्टची मृत्यूची नोंद: लुत्से, शिमे वेद्रोलिनने तिच्यासाठी खोदलेल्या नव्या कबरीत ठेवली. जिच्यावर आता सिंह बसणार होता, ती कबर त्याने आपल्याला वाढवणाऱ्या बाईसाठी खोदली होती. त्या आडनावाचा तिच्याशी रक्ताचा थेंबभर संबंध नव्हता.

मी त्या दोन्ही पानांची नक्कल करून घेतली. वाटलं, आता मामा कुठे जातो बघू.

पंधरा ऑगस्टला मेरीमातेचा सण असतो, त्याच्या आधीच्या शनिवारी सगळे जमले. साठ माणसं, सगळ्यांच्या छातीवर सिंह. सकाळची प्रार्थना झाली, मग शाळेच्या पटांगणात टेबलं मांडली, अख्खी कोकरं निखाऱ्यावर फिरत होती. चिलीहून झुनिल्दा वेद्रोलिन म्हणून चौऱ्याऐंशी वर्षांची बाई आली होती. तिला आपली भाषा येत नव्हती. आजोबांकडून राहिलेले शब्द तेवढे येत: भाकरी, शेळी, आई, गप.

मामाचं भाषण संपलं तशी मी उठले आणि चिठ्ठी वाचली. सगळी वाचली, गोणपाटासकट. मग म्हटलं, "ज्याचा बाप कोण ते देवालाच ठाऊक, अशा पोरापासून तुम्ही सगळे झालात. आता माझ्या आईला कबरीत जागा द्या."

दोघातिघांनी हातातला तुकडा ताटात परत ठेवला. मला वाटलं, जिंकले.

मामा शांतपणे उभा राहिला. "याकित्साने फार मोलाचा कागद शोधलाय," तो म्हणाला. "आता कोडं सुटलं. एखाद्या उमराव घराण्यातल्या मुलीने लाजेखातर बाळ सोडलं असणार. सरदाराचं रक्त गोणपाटात लपवून पाठवलं."

"चौदाशे त्रेसष्टला निघालेला सरदार अठराशे तेवीसला पिंपात पोचला?" मी विचारलं. "वाटेत मुक्काम फार झाले वाटतं."

पण टाळ्या वाजायला लागल्या होत्या. जर्मनीहून आलेल्या एका बाईने डोळे टिपले. कोणीतरी चिठ्ठीचा फोटो काढून घेतला, पुस्तकात छापायला. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या मुलीची लाज त्यांना गोड वाटली. माझ्या आईची मात्र अजून ताजी होती.

"कबरीचं काय?" मी ओरडून विचारलं.

"आज समारंभ आहे, याके. घरातली धुणी इथे नकोत." आणि त्याने मला कोकराचा तुकडा वाढला. चांगला, बरगडीचा.

मी ताट तसंच ठेवून चर्चमागे गेले. मारिन्को आणि त्याचे दोघे भाऊ काम करत होते. नवा संगमरवर बसवायचा म्हणून त्यांनी जुनी लादी काढून बाजूला ठेवली होती. कबर उघडी होती. शेजारी सिमेंट कालवण्याचं घमेलं, वाळू, पाणी. मिरवणूक जेवणानंतर येणार होती, फादर मंतरलेलं पाणी शिंपडणार आणि मग सांधे कायमचे भरून टाकायचे.

"मारिन्को," मी म्हटलं, "तुमची लादी उघड."

त्याने थापी खाली ठेवली. "सहीशिवाय हलवलं तर माझं काम जाईल, याके."

"तुझा बाप कसा आहे?"

"हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणतात, आठवडा."

"मग त्याची फळी रिकामी कर."

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि भावांना हाक मारली. दोन कबरींमध्ये सहा पावलांचं अंतर. पेटी जड होती, दोराने काढली, दोराने सोडली. खाली धरायला कोणी हवं होतं, म्हणून मी शिडीवरून उतरले. आत गारवा होता आणि कोपऱ्यात आईने बांधलेली पांढरी पोती ओळीने उभी होती, प्रत्येकाला तिची गाठ. एकच फळी मोकळी होती. मी ती ॲप्रनने पुसली आणि वर तोंड करून म्हटलं, "आणा."

मिरवणूक आली तेव्हा मी अजून खालीच होते. मामाचं डोकं वर दिसलं.

"हे काय चालवलंयस? बाहेर काढ तिला."

"तुम्ही काढा," मी म्हटलं. "या खाली."

तो आला नाही. त्याने मागे वळून जर्मनीच्या पोरांना सांगितलं, धडधाकट पोरं होती. ती बुटांकडे बघायला लागली. फादर ब्लाझ पुटपुटले की आत ठेवायला परवाना लागतो खरा, पण बाहेर काढायला तर दोन लागतात. एवढ्यात झुनिल्दा काठी टेकत कडेपर्यंत आली. तिने खाली पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई?" तिने विचारलं.

"आई," मी म्हटलं.

मामा तिला काहीतरी समजावून सांगू लागला. तिने त्याच्याकडे न बघताच म्हटलं, "गप." बरोबर आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या म्हणतात तसं.

मी वर आले. कपडे झटकले. खाली उतरायला कोणी तयार नव्हतं. मारिन्को आणि भावांनी संगमरवर सरकवला. तो सिंहासकट बसला, व्यवस्थित बसला. चौदाशे त्रेसष्ट. माझी आई आता त्या थापेखाली कायमची झोपणार होती, तिचं नाव कुठेच नसलेल्या दगडाखाली, पण तिने स्वतः इतकी वर्षं पुसलेल्या जागेत.

मारिन्कोने घमेलं जवळ ओढलं आणि मामाकडे बघितलं. मामा माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसला आणि पहिल्यांदाच तो कोणाला ऐकू न जाईल असं बोलला.

"याके, हे एकदा भरलं की पुन्हा उघडणार नाही. ठरावच तसा आहे, माझ्या एकट्याच्या हातात नाही. तुझं काय? गावात दुसरं कोणी नाही तुझं. मेल्यावर तू कुठे जाशील?"

सात महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही नाही. चाव्कांची फळी उद्या-परवा त्यांच्या म्हाताऱ्याला लागणार होती. मी साठ वेद्रोलिनांकडे बघितलं. सगळे दगडाचे फोटो काढत होते.

मारिन्को थापी हातात धरून थांबला होता.

"भर," मी त्याला म्हटलं.